सांधा आणि आघात : इंग्रजी जोडशब्दांचा उच्चार

‘ब्लॅकबर्ड’ हा युरोपातील बागांमध्ये सर्रास आढळणारा, गोड गळ्याचा एक पक्षी असून त्याचा नर काळाभोर असला तरी मादी तपकिरी असते. त्यामुळे तपकिरी रंगाचा ‘ब्लॅकबर्ड’ म्हणण्यात इंग्रजी बोलणाऱ्यांना काहीच विसंगत वाटत नाही. कावळा मात्र रंगाने काळा पक्षी, म्हणजे ‘ब्लॅक बर्ड’, असूनही ‘ब्लॅकबर्ड’ नव्हे. कागदावर हा फरक दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेने दाखवला जातो, परंतु बोलताना कोणी त्या जागी थांबत नाही. तेथे फरक कळतो तो जोर कोठे पडतो यावरून. पक्ष्याच्या त्या विशिष्ट जातीचे नाव घेताना ‘ब्लॅक’वर जोर देऊन ‘बर्ड’ हलकेच उच्चारला जातो, तर रंगाने काळ्या असलेल्या कोणत्याही पक्ष्याविषयी बोलताना ‘बर्ड’वरचा जोर अधिक असतो. फूलशेती करणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे ‘ग्रीनहाउस’ आणि केवळ हिरवा रंग दिलेले घर, किंवा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेले ‘व्हाइट हाउस’ आणि चुना लावलेले कोणतेही पांढरे घर, यांच्यातही नेमका हाच भेद आहे.

यांपैकी ‘व्हाइट हाउस’ हे नाव दोन सुट्या शब्दांत लिहिले जाते, तरी उच्चाराने तो एकच जोडशब्द आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे इंग्रजी लेखन या बाबतीत किती बेभरवशाचे आहे याची कल्पना येते. जोडून लिहिणे, मध्ये संयोगचिन्ह घालणे आणि सुटे लिहिणे या तिन्ही रीती इंग्रजीत एकाच वेळी चालतात, आणि एकाच शब्दाच्या वाट्याला वेगवेगळ्या काळांत तिन्ही आलेल्या आहेत. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या कोशाच्या २००७ सालच्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांमधील संयोगचिन्हे काढून टाकण्यात आली. ‘पिजनहोल’ जोडून लिहिला जाऊ लागला, तर ‘आइस क्रीम’ सुटा झाला. या फेरबदलाने उच्चारात मात्र कोठेही केसाइतका फरक पडला नाही, कारण जोडशब्दाची खरी ओळख लेखनात नसून त्याचे तुकडे कोठे पडतात आणि त्यांपैकी कोणत्या तुकड्यावर भार येतो या दोन गोष्टींत असते.

येथे दोन संज्ञांचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. शब्दाचा जो लहानात लहान भाग स्वतंत्रपणे, एका झटक्यात उच्चारता येतो त्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. मराठी छंदःशास्त्रात त्यालाच ‘अक्षर’ अशी जुनी आणि नेमकी संज्ञा आहे. परंतु रोजच्या बोलण्यात इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक वर्णालाही अक्षरच म्हटले जात असल्याने गोंधळ टाळण्यासाठी येथे ‘अवयव’ हा शब्द योजला आहे. प्रत्येक अवयवाच्या मध्यभागी बहुधा एक स्वर असतो आणि त्याच्या मागेपुढे व्यंजने असतात. ‘बॉटल’ किंवा ‘बटन’ यांसारख्या शब्दांत मात्र इंग्रज लोक दुसऱ्या अवयवातला स्वर गाळून ‘ल’ किंवा ‘न’ या व्यंजनालाच स्वराची जागा देतात. या हिशेबाने ‘टूथब्रश’मध्ये दोन अवयव आहेत आणि ‘न्यूजपेपर’मध्ये तीन. देवनागरीत लिहिलेल्या चिन्हांची संख्या मोजून हे उत्तर मिळेलच असे नाही, कारण अकारान्त लिहिलेले व्यंजन उच्चारात स्वरहीन असू शकते.

दुसरी संज्ञा ‘आघात’. एखाद्या अवयवाला शेजारच्या अवयवांपेक्षा अधिक उठाव देणे म्हणजे त्यावर आघात देणे. सर्वांत ठळक उठाव असेल तो मुख्य आघात, त्याखालोखाल असेल तो गौण आघात, आणि उरलेले अवयव आघातहीन होत. आघात म्हणजे मोठ्याने बोलणे, असा एक सार्वत्रिक समज आहे, पण तो बराचसा चुकीचा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ध्वनिशास्त्रज्ञ डेनिस फ्राय यांनी १९५५ आणि १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आघात पहिल्या अवयवावर असता नाम आणि दुसऱ्यावर असता क्रियापद होणारे ‘ऑब्जेक्ट’सारखे शब्द निवडून त्यांतील स्वरांची लांबी, जोर आणि पट्टी कृत्रिमरीत्या कमी-अधिक केली आणि श्रोत्यांना कोणता शब्द ऐकू येतो ते तपासले. आवाजाचा मोठेपणा हा त्यांत सर्वांत दुबळा घटक ठरला. श्रोत्यांचा निर्णय प्रामुख्याने स्वर किती लांबला आणि आवाजाची पट्टी कोठे बदलली यांवरच अवलंबून होता. इंग्रजी आघात शिकवताना विद्यार्थ्याला ‘जोरात म्हण’ असे सांगितले जाते, तेव्हा तो ओरडतो आणि आघात मात्र साधत नाही, याचे कारण यात आहे.

आता अवयव पाडण्याचा प्रश्न. दोन स्वरांमध्ये व्यंजने आली तर ती आधीच्या अवयवाची की नंतरच्या, यावर भाषाशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद आहे. एका मतानुसार, शब्दाच्या आरंभी जितकी व्यंजने एकत्र येऊ शकतात तितकी सगळी पुढच्या स्वराकडे द्यावीत. तर ‘लाँगमन प्रोनन्सिएशन डिक्शनरी’ या १९९० सालच्या उच्चारकोशाचे कर्ते जॉन वेल्स यांच्या मते, दोहोंपैकी ज्या अवयवावर आघात अधिक, त्याच्याकडे व्यंजने ओढली जातात. जोडशब्दाच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य करावी लागते: ज्या ठिकाणी दोन शब्द जोडले गेले तो सांधा जोपर्यंत बोलणाऱ्याच्या मनात जिवंत असतो, तोपर्यंत अवयव तेथेच तुटतो आणि व्यंजन सांधा ओलांडून पलीकडे जात नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘टोस्ट रॅक’ आणि ‘टो-स्ट्रॅप’. पहिली वस्तू भाजलेले पाव उभे ठेवण्याची घोडी आणि दुसरी सायकलच्या पायट्यावर पायाची बोटे अडकवण्याचा पट्टा. ध्वनींचा क्रम पाहिला तर ‘टो’, ‘स’, ‘ट’, ‘र’, ‘अॅ’ इथपर्यंत दोन्ही शब्द अगदी सारखे आहेत, आणि तरीही इंग्रजी कानाला ते शेवटचे व्यंजन येण्यापूर्वीच वेगळे ऐकू येतात. पहिल्या शब्दात ‘स’ आणि ‘ट’ ही अघोष, म्हणजे घशातील स्वरतंतू न कंपता निघणारी, व्यंजने त्याच अवयवात येत असल्याने आधीचा ‘ओ’ आखूड होतो. दुसऱ्यात तीच व्यंजने सांध्यापलीकडे असल्याने ‘ओ’ला आपली पूर्ण लांबी मिळते. सांध्यावर कोणी थांबत नाही, पण सांध्याचा परिणाम आजूबाजूच्या ध्वनींवर उमटलेला असतो.

दुसरा परिणाम मराठी कानाला अधिक सहज कळण्यासारखा आहे. इंग्रजीत ‘प’, ‘ट’, ‘क’ हे ध्वनी आघातयुक्त अवयवाच्या अगदी आरंभी आले की त्यांच्याबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो आणि ते ‘फ’, ‘ठ’, ‘ख’ यांच्या जवळ जातात. अवयवाच्या अखेरीस किंवा ‘स’नंतर आले की हा झोत नाहीसा होतो. ‘ग्रे टाय’, म्हणजे राखाडी टाय, यात ‘ट’ जवळजवळ ‘ठ’ होतो. ‘ग्रेट आय’, म्हणजे मोठा डोळा, यात तो नुसता ‘ट’ राहतो. इंग्रजी ही मातृभाषा असणाऱ्या सामान्य माणसाला हा फरक आपण करतो याची जाणीवही नसते, कारण त्याच्या भाषेत या दोन ध्वनींनी शब्दाचा अर्थ बदलत नाही. ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘टक’ आणि ‘ठक’ यांत लहानपणापासून भेद करणाऱ्या मराठी माणसाला मात्र तो लगेच ऐकू यावा. गंमत अशी की स्वतः इंग्रजी बोलताना तोच मराठी माणूस सर्वत्र कोरा ‘ट’ आणि कोरा ‘प’ वापरतो. अवयवाची सीमा दाखवणारी एक खूण त्यामुळे त्याच्या इंग्रजीतून आपोआप गळते.

सांधा मनातून पुसला गेला की काय होते, हेही याच खुणेवरून तपासता येते. ‘मिस्टाइम’, म्हणजे वेळ चुकवणे, या शब्दात ‘मिस’ हा उपसर्ग आणि ‘टाइम’ हा शब्द दोन्ही ओळखू येतात, म्हणून ‘ट’ला श्वासाचा झोत मिळतो. ‘मिस्टेक’ हा शब्दही मुळात तसाच घडलेला आहे, परंतु चुकीविषयी बोलताना ‘टेक’, म्हणजे घेणे, हे क्रियापद आज कोणाला आठवत नाही. म्हणून ‘स’ सांधा ओलांडून ‘ट’ला चिकटला आणि त्याचा श्वास गेला. इंग्लंडमधील ‘हॅम’ने संपणाऱ्या गावांच्या नावांत तर सांध्याचे हे स्थलांतर लेखनाच्या संगनमताने झालेले आहे. ‘हॅम’ म्हणजे जुन्या इंग्रजीत वस्ती. घोड्यांची वस्ती म्हणून ‘हॉर्स’ आणि ‘हॅम’ मिळून जे नाव झाले त्यात ‘एस’ आणि ‘एच’ हे वर्ण शेजारी आले, आणि त्या जोडीचा उच्चार इंग्रजीत ‘श’ होत असल्याने गावाचे नाव ‘हॉर्शम’ होऊन बसले. लंडनमधील ‘लुइशम’चेही तसेच. मार्गारेट थॅचर यांचे जन्मगाव असलेल्या ‘ग्रँथम’मध्ये ‘टी’ आणि ‘एच’ यांनी तोच प्रकार केला. मेंढपाळ या अर्थाचा ‘शेपर्ड’ मात्र या मोहातून वाचला: ‘पी’ आणि ‘एच’ शेजारी येऊनही त्यांचा ‘फ’ झाला नाही, कारण ‘शीप’, म्हणजे मेंढी, हा शब्द बोलणाऱ्यांच्या मनातून कधी हद्दपार झाला नसावा.

आघाताचा मूळ नियम सोपा आहे. इंग्रजी ज्या जर्मानिक भाषाकुलातील आहे त्यात शब्दाच्या मूळ धातूवर, आणि म्हणून बहुधा शब्दाच्या आरंभी, आघात देण्याची प्रवृत्ती फार प्राचीन आहे. दोन शब्दांचा एक शब्द झाला की आघातही एकदाच आणि आरंभीच पडावा, हे त्याला धरूनच आहे. उलट दोन स्वतंत्र शब्दांच्या पदसमूहात प्रत्येक शब्दाला आपापला आघात असतो आणि शेवटचा आघात अधिक ठळक होतो. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द साउंड पॅटर्न ऑफ इंग्लिश’ या ग्रंथात या दोन प्रवृत्तींना औपचारिक नियमांचे रूप दिले. ‘इंग्लिश टीचर’ या जोडीत ‘इंग्लिश’वर मुख्य आघात असेल तर त्या व्यक्तीचा विषय इंग्रजी आहे, मग ती कोल्हापूरची का असेना, ‘टीचर’वर असेल तर ती व्यक्ती इंग्लंडची आहे, मग ती गणित का शिकवेना. ‘टॉय फॅक्टरी’चा आघात आधी आला तर तो खेळण्यांचा कारखाना, नंतर आला तर खेळण्यातला कारखाना.

या नियमाला अपवाद आहेत, आणि अपवादांचा हा प्रदेश नियमापेक्षा अधिक रंजक आहे. पदार्थ ज्या वस्तूपासून केलेला असतो तिचे नाव पहिले असेल तर आघात बहुतेक वेळा दुसऱ्या शब्दावर जातो, म्हणून ‘अॅपल पाय’ या गोड पदार्थात ‘पाय’ ठळक असतो. परंतु ‘अॅपल केक’मध्ये ‘अॅपल’ ठळक होतो, कारण ‘केक’ आणि ‘ज्यूस’ हे दोन शब्द या बाबतीत हट्टाने वेगळे वागतात. सफरचंद तेच असून पाय आणि केक यांच्यात असा दुजाभाव का, याचे समाधानकारक तर्कशुद्ध उत्तर देता येत नाही. रूढी एवढेच त्याचे कारण मानावे लागते. रस्त्यांच्या नावांतही तेच. ‘रोड’, ‘अॅव्हेन्यू’, ‘स्क्वेअर’, ‘ड्राइव्ह’ यांनी संपणाऱ्या नावांत मुख्य आघात शेवटच्या शब्दावर येतो, पण ‘स्ट्रीट’ने संपणाऱ्या नावात तो आधीच्या शब्दावर येतो: ‘ऑक्सफर्ड रोड’मध्ये ‘रोड’वर आणि ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’मध्ये ‘ऑक्सफर्ड’वर. मुंबईतील ‘ग्रँट रोड’ आणि ‘मरीन ड्राइव्ह’ ही नावे ज्या इंग्रजांनी ठेवली त्यांच्या तोंडी ती याच नियमाने उच्चारली जात असणार. मुंबईकरांनी मात्र नावे स्वीकारली आणि आघात परत केला.

‘आइस क्रीम’ची गोष्ट आणखी वेगळी. यातला मुख्य आघात ब्रिटनमध्ये पुष्कळदा ‘क्रीम’वर, तर अमेरिकेत बहुधा ‘आइस’वर पडतो, आणि वस्तू तीच राहते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ सालच्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात या उदाहरणाचा विचार करून, एकच आघात देणाऱ्यांच्या तोंडी हा जोडशब्द आहे आणि दोन आघात देणाऱ्यांच्या तोंडी तो पदसमूह आहे, असा निर्वाळा दिला. आघाताला एकमेव कसोटी मानल्यावर दुसरे काही म्हणताच येत नाही. तथापि एकच थंडगार पदार्थ अटलांटिक महासागर ओलांडताच व्याकरणाची जात बदलतो, हे मानणे नंतरच्या अनेक अभ्यासकांना जड गेले आहे, आणि ते सकारण आहे.

जोडशब्दाला आणखी एक शब्द जोडला की आघात हेच अर्थ लावण्याचे मुख्य साधन बनते. ‘लाइट’, ‘हाउस’ आणि ‘कीपर’ हे तीन शब्द याच क्रमाने येऊनही तीन वेगळे अर्थ देतात. ‘लाइट’वर मुख्य आघात असेल तर दीपगृहाचा रखवालदार, ‘हाउस’वर असेल तर अंगाने हलकी अशी घरकाम पाहणारी स्त्री, किंवा हलकीसलकी कामे करणारी, आणि तिन्ही शब्द सुटे ठेवून शेवटच्यावर असेल तर हलक्या घराची राखण करणारा कोणी. मार्क लिबरमन आणि अॅलन प्रिन्स यांनी १९७७ साली या रचनांसाठी एक सुटसुटीत नियम मांडला: जोडशब्दाच्या दोन भागांपैकी दुसरा भाग स्वतःच जोडशब्द असेल तर तो ठळक होतो, एरवी पहिला. म्हणून ‘किचन टॉवेल रॅक’मध्ये ‘किचन’ ठळक असेल तर ती स्वयंपाकघरातील फडकी अडकवण्याची दांडी, आणि ‘टॉवेल’ ठळक असेल तर स्वयंपाकघरात लावलेली टॉवेलची दांडी. संगणकाकडून मजकूर वाचून घेणाऱ्यांना हा प्रश्न फार छळतो, कारण कोणते दोन शब्द आधी जोडायचे हे दाखवणारा कंस लिहिलेल्या मजकुरात कोठेच दिलेला नसतो आणि यंत्राला तो अंदाजाने घालावा लागतो.

दोन जुळलेल्या शब्दांपैकी दुसऱ्यावर आघात राहिला नाही की काळ त्याला झिजवू लागतो. आघातहीन स्वर इंग्रजीत मूळचा राहत नाही. तो मराठीतील आखूड ‘अ’सारखा धूसर होतो आणि पुढे व्यंजनेही गळू लागतात. पेले ठेवण्याची फळी म्हणून ‘कप’ आणि ‘बोर्ड’ यांचा जो जोडशब्द झाला तो आज ‘कबर्ड’ असा उच्चारला जातो, आणि त्यात कप तर नाहीच, फळीही ऐकू येत नाही. उपास मोडणे या अर्थाचा ‘ब्रेकफास्ट’ इंग्रजांच्या तोंडी ‘ब्रेक्फस्ट’ असतो आणि ‘ब्रेक’चा स्वरसुद्धा त्यात बदललेला असतो. आणखी मागे गेले तर झीज इतकी होते की सांधाच सापडत नाही. ‘लॉर्ड’ हा शब्द मुळात ‘पावाचा राखणदार’ आणि ‘लेडी’ हा ‘पाव मळणारी’ अशा अर्थांचे जोडशब्द होते. ‘डेझी’ हे फूल ‘दिवसाचा डोळा’ होते, ‘बार्न’ हे ‘सातूचे घर’, आणि ‘नॉस्ट्रिल’ म्हणजे नाकपुडी हे ‘नाकाचे भोक’. ‘हजबंड’मधला पहिला भाग ‘हाउस’च आहे. यांपैकी प्रत्येकाचा पहिला भाग आघाताच्या आधाराने थोडाबहुत टिकला आणि दुसरा वितळून गेला.

छपाई आणि शाळा यांनी ही झीज थोपवली, एवढेच नव्हे तर काही ठिकाणी उलटवली. ‘फोरहेड’ म्हणजे कपाळ हा शब्द सुशिक्षित इंग्रजांच्या तोंडी दीर्घकाळ ‘फॉरिड’ होता आणि ‘वेस्टकोट’ हा ‘वेस्किट’. लिहिलेला शब्द डोळ्यांसमोर सतत येऊ लागल्यावर लोकांनी हरवलेला ‘हेड’ आणि हरवलेला ‘कोट’ परत आणला आणि त्याबरोबर दुसऱ्या अवयवाला गौण आघातही परत मिळाला.

ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर तो कोठे तोडावा, हा मुद्रकांचा प्रश्न याच विषयाची एक शाखा आहे. अमेरिकेत नोआ वेब्स्टर यांच्या १७८३ सालच्या अंकलिपीवजा पुस्तकापासून उच्चाराप्रमाणे तोडण्याची पद्धत रुजली, तर ब्रिटनमध्ये शब्दाची घडण पाहून तोडण्याकडे कल राहिला. जोडशब्द सांध्यावरच तोडावा याविषयी मात्र दोन्हीकडे एकमत आहे. ते पाळले नाही तर काय होते याचे उदाहरण म्हणजे मनुष्यवध या अर्थाचा ‘मॅनस्लॉटर’ हा कायद्यातील शब्द: तो एक वर्ण पुढे तोडला की पुढच्या ओळीत ‘लाफ्टर’, म्हणजे हास्य, शिल्लक राहते. संगणकाला ही तोड शिकवण्याचे काम फ्रँकलिन लिआंग यांनी डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक’ या मुद्रणप्रणालीसाठी केले आणि १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात ते मांडले. त्यांची रीत शब्दाचा अर्थ पाहत नाही. वर्णांच्या ४,४४७ लहान आकृतिबंधांवरून ती तोडीची जागा ठरवते, आणि तरीही क्वचितच चुकते.

ग्रीक घटकांपासून बनलेले शास्त्रीय जोडशब्द या सगळ्या व्यवस्थेबाहेरचे आहेत. त्यांत आघात सांध्याला नव्हे तर शेवटच्या प्रत्ययाला जुमानतो: ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘थर्मॉमिटर’ आणि ‘सेंटिमीटर’ यांच्या दोन वेगळ्या चाली आहेत, आणि ‘किलोमीटर’ने कोणती धरावी यावर इंग्रजी बोलणारे आजही आपसांत भांडतात.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून मराठी भाषकाला इंग्रजी आघात परका वाटतो. सांधा मात्र त्याला परका नाही. ‘दूध’ला प्रत्यय लागला की ‘दुधाचा’ होताना ‘दू’ ऱ्हस्व होतो. पण ‘दूधभात’ या जोडशब्दात पुढे तितकाच मजकूर येऊनही तो दीर्घच राहतो, कारण तेथे ‘दूध’ हा शब्द सांध्याअलीकडे अखंड आहे. ‘फुलाचा’ आणि ‘फूलबाजार’ यांतही तेच. म्हणजे सांध्याची जाणीव मराठीत स्वराच्या लांबीतून व्यक्त होते, इंग्रजीत ती आघातातून. इंग्रजी बोलताना मराठी माणूस सांधा बरोबर राखतो, पण दोन्ही भागांना जवळजवळ सारखेच वजन देतो, आणि ते ऐकणाऱ्या इंग्रजाला एक शब्द ऐकू न येता दोन ऐकू येतात. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील आर. के. बन्सल यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांचे इंग्रजी ब्रिटिश श्रोत्यांना न समजण्याची जी कारणे दाखवली, त्यांत शब्दातील आघात भलत्याच अवयवावर पडणे हे एक ठळक कारण होते.

तरीही मराठी कानाने इंग्रजी आघात ऐकलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि त्याचा पुरावा मराठी लेखनातच आहे. ‘पोस्टमन’, ‘वॉचमन’, ‘चेअरमन’, ‘बॅट्समन’ हे शब्द मराठीत ‘मन’ असेच लिहिले आणि बोलले जातात, तर ‘सुपरमॅन’, ‘बॅटमॅन’ आणि आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ यांत ‘मॅन’ शाबूत आहे. मूळ इंग्रजीतली विभागणी जवळजवळ हुबेहूब अशीच आहे. जुन्या, रुळलेल्या जोडशब्दांत दुसऱ्या भागाचा आघात गेल्याने स्वर धूसर झाला, ‘सुपरमॅन’सारख्या नव्या घडणीच्या नावांत तो अजून झिजलेला नाही, आणि ‘कॉमन मॅन’ हा तर जोडशब्दच नव्हे, पदसमूह आहे, म्हणून त्यात ‘मॅन’वरच मुख्य आघात आहे. टपालखाते, गिरण्या आणि रेल्वे यांतून जे शब्द कानावाटे आले त्यांनी आघाताचा ठसा बरोबर आणला, आणि ज्यांनी ते उचलले त्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते ही गोष्ट येथे अडचणीची न ठरता उपकारकच ठरली. ‘इंग्लंड’ आणि ‘ऑक्सफर्ड’ ही रूपेही त्याच जातीची.

जे शब्द वर्तमानपत्रांच्या तारांमधून, म्हणजे डोळ्यांवाटे आले त्यांची कथा उलटी आहे. ‘बर्मिंगहॅम’मधला ‘हॅम’ इंग्रजांनी केव्हाच गिळून टाकला असून त्या शहराचे नाव ते ‘बर्मिंगम’ असे घेतात. १९९२ साली सचिन तेंडुलकर ज्या परगण्याचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून खेळला, तो मराठी क्रीडापानांवर कायम ‘यॉर्कशायर’ राहिला, पण तेथील लोक त्याला ‘यॉर्कशर’ म्हणतात. आणि कानावाटे आलेल्या शब्दांचा प्रभाव इतका की काही ठिकाणी मराठीने इंग्रजीवरही मात केली आहे: ‘थायलँड’मध्ये इंग्रज लोक शेवटचा स्वर स्पष्ट ठेवतात, परंतु ‘इंग्लंड’, ‘पोलंड’, ‘न्यूझीलंड’ यांच्या पंक्तीला बसवून मराठीने त्याचे ‘थायलंड’ केले, आणि ‘कॅमेरामॅन’ लिहावे की ‘कॅमेरामन’, याबद्दल मराठी छापखान्यांत अजून एकवाक्यता नाही.